न् वर संपणारे शब्द

जपानी शिकायला बसले तेव्हा मला एकतिसावं सरलं होतं आणि वर्गातल्या बाकीच्या पोरी एकोणीस-वीसच्या होत्या. वर्ग जळगावात पिंप्राळ्याला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत भरायचा. खाली गिरणी सुरू झाली की फरशी बारीक थरथरायची आणि शिकवणाऱ्या बाईंना आवाज चढवावा लागायचा. त्या स्वतः जपानमधल्या एका वृद्धाश्रमात काही वर्षं काम करून आलेल्या. त्यांना आम्ही आधी मॅडम म्हणायचो, नंतर त्यांनीच सांगितलं म्हणून सेन्सेई म्हणायला लागलो.

मी धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होते. रविवारी सुट्टी घ्यायची, सकाळची जळगाव गाडी पकडायची, पारोळा आणि एरंडोल मागे टाकत जळगावला उतरायचं आणि संध्याकाळी परत. आठवड्यातले बाकीचे दिवस वर्ग मोबाईलवर. जपानला म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्या मुली हव्यात, पगार बरा असतो, हे दवाखान्यातल्याच एका सिस्टरकडून कळलं होतं. पण खरं सांगायचं तर नुसत्या पगारासाठी मी निघाले नव्हते. माझं लग्न जमत नव्हतं. पारोळ्याजवळच्या आमच्या खेड्यात मी गेले की बाया माझ्या आईशी बोलताना आवाज खाली करायच्या. कुठेतरी लांब निघून जावं आणि जाण्याला चांगलं नाव असावं, एवढंच मनात होतं.

दुसऱ्याच रविवारी सेन्सेईंनी आम्हाला गोलात बसवलं आणि शिरितोरी शिकवली. आपल्या शब्दांच्या भेंड्या असतात तसाच खेळ. एकीने शब्द म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचीने. साकुरा म्हणजे चेरीचं फूल, रा वरून राकुदा म्हणजे उंट, असं पुढे पुढे. नियम एकच वेगळा. ज्या शब्दाच्या शेवटी न् येतो तो म्हटला की बाद, कारण न् पासून जपानीत शब्दच सुरू होत नाही. आपल्याकडे गाण्याच्या भेंड्यांत ण किंवा ळ आला की खेळ अडतो, तसं. फक्त आपण ण आला की हसून पुढे जातो, इथे माणूस बाहेर.

माझी पाळी आली तेव्हा अक्षर होतं मि. मला शब्द येत होता. आदल्या रात्री ड्यूटीवर पाठ केलेला. मी जरा ऐटीतच म्हणाले, "मिकान."

मिकान म्हणजे संत्रं. पोरी हसल्या. सेन्सेईही हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, शेवटी काय आलं?"

बाद झालेलीने भिंतीपाशी उभं राहायचं असा नियम होता. मी उभी राहिले. खेळाचा पहिलाच दिवस, त्यात काही वाटून घेण्यासारखं नव्हतं. पण पुढच्या डावात अक्षर आलं गो, आणि मी म्हणाले गोहान. गोहान म्हणजे भात. पुन्हा भिंतीपाशी. त्याच्या पुढच्या डावात नि आलं. नि वरून मला एकच शब्द ठाऊक होता आणि तो इतका मोठा, इतका खात्रीचा होता की शेवटी काय येतं हे बघायचं डोक्यातही आलं नाही.

"निहोन," मी म्हणाले.

"जपानवरच आउट झाल्या," कोणीतरी म्हणालं, आणि या वेळी हसू थांबायला बराच वेळ लागला.

निहोन म्हणजे जपान. मीही हसले. हसताना कान तापलेले जाणवत होते.

दवाखान्यात माझ्या हाताखाली चार मुली होत्या. डॉक्टरांना शीर सापडली नाही की मला हाक मारायचे. ती मी, रविवारी दुपारी, गिरणीच्या घरघरीत भिंतीला पाठ लावून उभी, आणि समोर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान पोरी मांडी घालून भराभर शब्द फेकतायत. आणि कसं कोण जाणे, मला येणारे शब्द बहुतेक न् वर संपायचे. दवाखान्याला ब्योइन, पुस्तकाला होन. जे शब्द मला लागणार होते आणि म्हणून मी आधी पाठ केले होते, तेच म्हणायची सोय नव्हती.

वर्गात रावेरची एक मुलगी होती. वडील केळीच्या पॅकिंगवर कामाला, हिने बारावी करून थेट जपानीचा वर्ग धरलेला. तिचं डोकं फार तल्लख. तिला नुसते शब्द यायचे असं नाही, तिला डाव कळायचा. ती मुद्दाम रु वर संपणारा शब्द शोधायची. सारु म्हणजे माकड, काएरु म्हणजे बेडूक, हारु म्हणजे वसंत. आणि ती नेमकी माझ्या उजव्या हाताला बसायची, म्हणून तिच्यानंतर पाळी माझी. रु वरून आम्हा सगळ्यांना मिळून एकच शब्द येत होता, रुसु, म्हणजे माणूस घरी नसणं. तो एकदा कोणी म्हणून टाकला की मी गेलेच. ती काएरु म्हणायची आणि माझ्याकडे न बघता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. मी शब्द शोधतेय असं दाखवत छताकडे बघायचे. सेन्सेई हाताच्या बोटांनी दहा मोजायच्या.

एकदा असंच मि आलं. मिकान म्हणायचं नाही एवढंच डोक्यात होतं, त्या धास्तीत मिझु, मिमि, मिसे, म्हणजे पाणी, कान, दुकान, मि चे जेवढे शब्द येत होते तेवढे पुसले गेले आणि तोंडून निघालं, "मिरची."

त्या दिवशी पोरी फरशीवर आडव्या पडून हसल्या. रावेरवाली तर डोळे पुसत म्हणाली, "ताई, जपानी म्हाताऱ्यांना ठेचा करून घाला." तिच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने जिन्यात गेले आणि गिरणीतल्या माणसाला पीठ पोत्यात भरताना बघत तिथेच उभी राहिले.

या सगळ्यात माझ्या वडिलांनी उडी घेतली. त्यांना घरात आणि गावात सगळे नाना म्हणतात, आम्हीही. मी सुट्टीला घरी गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीला जपानी अक्षरांचा तक्ता चिकटवला होता, येता-जाता नजर पडावी म्हणून. मी भेंड्यांचे शब्द घोकत होते, तेव्हा नानांनी त्या तक्त्यासमोर बसून मला विचारलं, "हाऊ काय खेळ शे?" मी सांगितला. त्यांना पटकन कळला. ना वरून शब्द सांग म्हणाले. मी म्हणाले, "नाना. म्हणजे सात. उच्चार जरा आखूड."

"म्हनजे मी सात शे?"

"हो."

त्यांना याचा इतका आनंद झाला की त्यांनी ना चे, ना वर संपणारेही, सगळे शब्द पाठ केले. बानाना म्हणजे केळं, नासु म्हणजे वांगं, नात्सु म्हणजे उन्हाळा. रोज संध्याकाळी माझी ड्यूटी संपायच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा. "बानाना," ते म्हणायचे. मी नाना म्हणायचे. ते नासु म्हणायचे. तिथून पुढे गाडी सहसा जायची नाही, मग पाऊसपाणी आणि जेवणाची चौकशी.

एका रविवारी त्यांना जळगावला काम होतं, म्हणून ते पारोळ्याला माझ्याच गाडीत चढले. खिडकीची जागा मी त्यांना दिली. एरंडोल येईपर्यंत ते बाहेरची शेतं बघत होते. मग अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नासु म्हनजे वांगं ना?" पुढच्या बाकावरचा एक कॉलेजचा पोरगा वळला. नानांनी त्याला सांगितलं, "मनी पोर जपानले जाई राहिनी. आम्ही दोन्ही जन शिकी राहिनूत." पोराने माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगावर साधा ड्रेस, पायात चप्पल, मांडीवर डब्याची पिशवी. मी मोबाईल काढला आणि कोणाचा तरी मेसेज आल्यासारखं करून त्यात मान घातली. नाना एकटेच बोलत राहिले, जपानला वांगी कशी लांबट असतात, आपल्या भरताच्या वांग्यासारखी नसतात, वगैरे. हे मीच त्यांना सांगितलेलं.

जळगाव स्टँडवर उतरल्यावर ते म्हणाले, "मी बोलनू ते तुले आवडनं नही का?"

मी म्हणाले, "नाही हो नाना, डोकं दुखत होतं."

त्यांनी टपरीवरून मला चहा पाजला, डोकं दुखतंय म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वृद्धाश्रम चालवणाऱ्या जपानी कंपनीची मुलाखत झाली, मोबाईलवरच. पलीकडे तीन जपानी माणसं, अलीकडे सेन्सेईंच्या खोलीत आम्ही एकेक जण. मला रुग्णांना उचलायचं, फिरवायचं, अंग पुसायचं असं सगळं हातांनी करून दाखवायला सांगितलं. ते मला येतच होतं. भाषा विचारली तेव्हा पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. आठवड्याभरात निरोप आला, माझी निवड झाली. भाषेची परीक्षा पास व्हायची, एवढी अट.

मी घरी फोन करून दोन्ही गोष्टी सांगितल्या. निवड झाली हे सांगितलं आणि अटही सांगितली. धाकटा भाऊ फोन घेऊन अंगणात पळाला तो पहिलं वाक्य ऐकूनच.

पुढच्या रविवारी गाडी पारोळ्यात शिरली आणि चौकातल्या खांबांवर मला मी दिसले. दोन खांबांमध्ये ताणलेलं मोठं फ्लेक्स. मागे बर्फाचा डोंगर, वर विमान, मधोमध माझा फोटो. फोटो चुलत बहिणीच्या लग्नातला होता. शेजारी उभी असलेली मावशी कापून काढली होती, पण तिची बोटं माझ्या खांद्यावर तशीच राहिली होती. वर लिहिलं होतं, आमच्या भगिनीची जपान येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक म्हणून भाऊ आणि त्याचे आठ-दहा मित्र, सगळे गॉगल लावून.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईने फ्लेक्सकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत फ्लेक्सकडे. "तुम्हीच का?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले. तिने मला आपल्याजवळची बोरं दिली.

मी भावाला फोन केला, अरे अजून परीक्षा आहे. तो म्हणाला, "ताई, तू पास व्हशीच. मुलाखत एवढी मोठी पास व्हयनी." त्याला परीक्षा म्हणजे उरलेलं कागदी काम वाटत होतं. काढ म्हटलं तर म्हणाला, आता काढलं तर लोक काय म्हणतील. त्यातही खोटं काही नव्हतं. मग दर रविवारी पारोळा आलं की मी ओढणी डोक्यावरून पुढे ओढायला लागले. सकाळी डाव्या खिडकीत आणि संध्याकाळी उजव्या. उन्हाने फ्लेक्सवरचा डोंगर फिका झाला, मी मात्र ठळकच राहिले.

परीक्षा पुण्याला होती, कॉम्प्युटरवर. रावेरची मुलगी आणि मी एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये. शेवटचं उत्तर दिलं की निकाल पडद्यावरच येतो. ऐकायच्या भागात दोन माणसं स्टेशनवर बोलत होती आणि मला त्यांच्या बोलण्यातून नुसते सुटे शब्द ऐकू येत होते. तिकीट, उद्या, छत्री. ते कोणाला काय सांगतायत ते लागत नव्हतं. मला वाटतं मी शब्द भेंड्यांच्या भीतीने शिकले होते. शब्द ऐकला की माझं लक्ष त्याच्या शेवटच्या अक्षराकडे जायचं, तोवर वाक्य पुढे निघून गेलेलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली. मी खुर्ची हळूच मागे सारली. बाहेर रावेरवाली माझी वाट बघत उभी होती आणि तिचा चेहरा सांगत होता. माझा चेहरा बघून तिने आपलं हसू आवरलं. ते तिने आवरलं, हेच मला सहन झालं नाही. म्हणाले, मला मावशीकडे जायचंय, तू निघ. पुण्यात माझी कोणी मावशी नव्हती. तिच्याबरोबर रात्रभर गाडीत बसून यायचं टाळलं, एवढंच.

घरी मी फोनवर सांगितलं. आईने घेतला होता. "काय व्हयनं?"

"नाही झालं."

"बरं," ती म्हणाली. "जेवी ले."

त्या संध्याकाळी नानांचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बानाना म्हणायला मी तरी फोन करायचा होता, पण मीही केला नाही. दवाखान्यात मात्र कोणी ना कोणी विचारायचं, सिस्टर कधी जाणार? मी म्हणायचे, व्हिसाचं चाललंय. एका म्हाताऱ्या रुग्णाने, पारोळ्याकडच्याच, मला ओळखलं आणि त्याच्या नातेवाइकांना बोलावून दाखवलं, ही ती जपानवाली. नातेवाइकांनी माझ्याबरोबर फोटो काढला. मी उभी राहिले फोटोला, नाही म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं.

रविवारचा वर्ग मी सोडला. कारण परीक्षेचंही होतं आणि पारोळ्याच्या चौकाचंही.

दीड-दोन महिन्यांनी गावी गेले, ते मुद्दाम अमळनेरकडून वळसा घेऊन. घरात शिरायच्या आधी गोठ्याकडे लक्ष गेलं. चाऱ्याच्या गंजीवर ते फ्लेक्स अंथरलेलं होतं, चारी बाजूंनी दगड ठेवून. उलटं घातलं होतं. पांढरी बाजू वर, छापलेली चाऱ्याकडे. मी कोपऱ्याचा दगड सरकवून उचलून बघितलं. आत भावाचा एक मित्र गॉगलसकट कडब्यावर पालथा पडलेला दिसला. मी परत दगड ठेवला.

आई भाकऱ्या करत होती. मी तिला विचारलं, फ्लेक्स उलटं कोणी घातलं?

"तुना बापने."

"का?"

तिने भाकरी परतली. "पानी लागी, रंग उडी जाई म्हनीसन मधे करं."

हे खरं असेल. किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणूनही केलं असेल, आणि आईने मला बरं वाटावं म्हणून असं सांगितलं असेल. नानांना मी विचारलं नाही. ते जेवायला बसले, कपाशीचं बोलले, माझ्या ड्यूटीचं विचारलं. भिंतीवर तक्ता तसाच होता. ते त्याच्याकडे पाठ करून बसले होते. एरवी त्यांची जागा समोरची.

मी जपानचं सोडूनच दिलं असतं. पण परीक्षेनंतर सहा-एक महिन्यांनी एकदा संध्याकाळी परक्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला आणि पडद्यावर रावेरची मुलगी. ती जपानला जाऊन तीन-एक महिने झाले होते. केस बांधलेले, अंगात स्वेटर, मागे छोटीशी खोली. मला वाटलं मिरवायला फोन केलाय. मी म्हणाले, वा, कशी आहेस.

ती बोलायच्या आधी रडायला लागली.

मी वॉर्डातून बाहेर आले आणि औषधांच्या खोलीत जाऊन दार लावलं. ती म्हणाली, "ताई, सेन्सेईंना सांगू नका."

काय झालं ते तिने तुकड्या-तुकड्याने सांगितलं. तिच्या वृद्धाश्रमात दुपारी चहानंतर म्हातारी माणसं शिरितोरी खेळतात. डोकं चालतं राहावं म्हणून खेळायला लावतात. हिला कळलं तेव्हा हिला आनंद झाला, आपल्याला हे येतं म्हणून. पण तिथे एक नव्वदीच्या पुढची आजी होती. तिला सकाळी जेवल्याचं दुपारी आठवायचं नाही, मुलाला ओळखायची नाही, पण भेंड्यांत तिच्याकडे शब्दांचा ढीग असायचा, आणि ते शब्द हिने कधी ऐकलेले नसायचे. हिचे पुस्तकातले शब्द दोन फेऱ्यांत संपायचे. ही रोज हरायची. शेवटी आजी शेजारणीला म्हणाली, या पोरीकडे शब्दच नाहीत गं, कोणी वाढवलंय हिला.

"सगळे हसले," ती म्हणाली. "मी पण हसले. मग बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले."

मला जिना आठवला, गिरणीतला पिठाचा माणूस आठवला. पण ते मी तिला बोलले नाही. एक क्षण, एकच क्षण, मला बरं वाटलं होतं, आणि ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असेल की काय या भीतीने मी मोबाईल कानाला लावला, व्हिडिओ चालू असताना. तिला माझा कान दिसत राहिला असणार.

"कोणते शब्द होते ते आठवतायत?" मी विचारलं.

तिला आठवत होते. ऊसु. वारा. मुशिरो. तिने अर्थ शोधून काढले होते, पण ते तिला कळत नव्हते. "ऊसु म्हणजे लाकडाचं मोठं भांडं, त्यात भात कुटतात म्हणे. कशाला कुटतात?"

"उखळ," मी म्हणाले. "उखळ असेल ते."

"आणि मुशिरो? गवताची चटई."

"वारा म्हणजे काय?" मी विचारलं.

"भाताच्या वाळलेल्या काड्या."

"पेंढा. त्याचीच मुशिरो विणत असतील."

ती रावेरला गावात वाढलेली, पण तिच्या घरी मिक्सर होता. मी खेड्यात वाढलेली आणि वयाने मोठी. उखळात मिरची कुटताना डोळे चुरचुरतात ते मला ठाऊक होतं. मग तिचा रोजच फोन यायला लागला. तिथे रात्र, इथे माझ्या ड्यूटीची संध्याकाळ. आजीने आज काय काय शब्द टाकले ते ती सांगायची, आम्ही दोघी मिळून ती वस्तू काय असेल ते शोधायचो आणि मग भेंड्या खेळायचो. ती आता रु वर संपणारा शब्द माझ्यावर टाकत नव्हती. मी एकदा म्हटलं, टाक की, मला सवय आहे. तेव्हा ती म्हणाली, "ताई, मी तेव्हा मुद्दाम करायचे. मला वाटायचं तुम्ही नर्स आहात, तुम्हाला काय फरक पडतो."

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यानंतर ती दिवसभरात काय झालं ते सांगायला लागली. आजी काय म्हणाली, तिने काय उत्तर दिलं, आजीला ते ऐकूच गेलं नाही. ती ते सगळं जपानीतच बोलून दाखवायची, आजीच्या आवाजात, आणि मी ऐकायचे. विहीर, जातं, चूल, पेंढा, म्हातारी काय मागते, नातू कधी येणार म्हणते. शब्दाची शेपटी धरायची सवय कधी सुटली ते मला सांगता येणार नाही. एका संध्याकाळी ती पूर्ण गोष्ट सांगून थांबली आणि मला हसू आलं, म्हणजे मला ती कळली होती.

मी पुन्हा पिंप्राळ्याला जायला लागले. सेन्सेईंनी काही विचारलं नाही. नव्या पोरी आल्या होत्या, त्यांच्यात मी आणखीच थोराड दिसत होते. मी आजीचा एखादा शब्द टाकला की सेन्सेई भुवया उंचावून म्हणायच्या, हा कुठून आणला. मी अजूनही अधूनमधून भिंतीपाशी उभी राहायचे. उभं राहायला अजूनही आवडत नव्हतं.

दुसऱ्यांदा परीक्षेला बसले ते घरात कोणाला न सांगता. दवाखान्यात ताप आल्याचं कळवलं. पास झाले, काठावर. हॉलबाहेर येऊन मी रावेरवालीला मेसेज केला आणि गाडीत बसले. घरी सांगायला पंधरा दिवस लावले.

सांगितलं तेव्हा आई आणि मी दोघीच होतो, गच्चीवर मिरच्या वाळत घालत होतो. तिने हातातली मिरची खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"खरंच?"

"हो. कागद दाखवते."

"कागद काय दखाडस," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आते सांगू का बठ्ठासले?"

"नको," मी म्हणाले. "कोणालाच नको. भावालाही नको. विमानात बसले की सांग."

"नानाले?"

"नानांना मी सांगते."

ती हो म्हणाली. पुन्हा मिरच्या पसरायला लागली. मी तिच्या हातांकडे बघत होते. गेलं वर्षभर बायांनी तिला विचारलं असणार, पोर गेली का, आणि तिने प्रत्येकीला काहीतरी सांगितलं असणार. चौकात तो फोटो लागलेला असताना आणि निघाल्यावरही ती तिथल्याच बाजाराला जात होती. मला ओढणी पुढे ओढून गाडीतून निघून जाता येत होतं. तिला पायी जावं लागायचं, भाजी घ्यायला, त्याच लोकांमधून. हे मला तोवर सुचलंही नव्हतं. मी लाज माझीच समजत होते, आणि आता चार चांगले शब्द बोलायची तिची वेळ आली तर तेही मीच अडवत होते.

काही बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण ती सूप घेऊन खाली गेली होती.

थोड्या वेळाने अंगणातून तिचा आवाज आला. शेजारची काकू कुंपणापाशी आली होती. आई अगदी हळू बोलत होती, कोणाला कळू नये असं, पण वर सगळं येत होतं. "पास व्हयनी," ती म्हणाली. "कोनले सांगू नको." काकूने काहीतरी विचारलं. त्यावर आई पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, "हां, तीच परीक्षा. जपाननी."

मी कठड्यापर्यंत गेले होते. तिथूनच मागे फिरले आणि उरलेल्या मिरच्या पसरत बसले.